वारीत पाय कसे सांभाळायचे: बूट, मोजे, फोड आणि चिखल्या

माझ्या पहिल्या वारीत हडपसरच्या अलीकडेच उजव्या टाचेला चुरचुरायला लागलं होतं. बूट दोन दिवसांपूर्वी घेतलेले, चांगले भारीतले. पण रांग सोडून रस्त्याच्या कडेला बसायची लाज वाटली, म्हणून तशीच चालत राहिले. दिवे घाट चढताना टाच मोज्याला चिकटलीय हे कळत होतं. सासवडला राहुटीत बूट काढला तर रुपयाएवढा फोड, फुटलेला, आणि त्याची कातडी एका बाजूला गोळा झालेली. शेजारच्या पथारीवरच्या आजींनी बॅटरी मागवली आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला.

"बूट कवा घेतला माउली?"

"परवा."

"आन् चुरचुराया कुठं लागलं?"

"हडपसरला."

"मग तितंच का न्हाई बसलात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतरच्या वाऱ्यांमध्ये मी एकच नियम कडक पाळलाय. चुरचुरलं की बसायचं, तिथल्या तिथे. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं याच नियमाच्या पोटात येतं. उरलेलं निम्मं पाय कोरडे ठेवण्याबद्दल आहे.

आधी वाट समजून घ्या

आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण २५० किलोमीटर, आणि ते अठरा-वीस दिवसांत चालायचं असतं. म्हणजे रोजचं अंतर बहुतेक दिवशी बारा ते वीसच्या आसपास. ऐकायला फार वाटत नाही. अवघड दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे सुरुवातीचेच टप्पे सगळ्यात लांब आहेत. आळंदी-पुणे आणि पुणे-सासवड हे दोन्ही तीसेक किलोमीटरचे, आणि दुसऱ्यात दिवे घाट. पाय रुळायच्या आधीच वाट त्यांची परीक्षा घेऊन मोकळी होते. पुण्यात आणि सासवडला पालखीचे दोन-दोन मुक्काम असतात हे नशीब. पायांची डागडुजी तिथेच उरकून घ्यायची.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. वारीत हवामान वाटेवर बदलतं. पुण्यापासून दिवे घाटापर्यंत बहुधा भुरभुर, चिखल, ओले मोजे. जेजुरी-वाल्हे सोडून नीरा ओलांडली, लोणंद-फलटण आलं की आपण पर्जन्यछायेच्या मुलखात शिरतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूरकडे पाऊस हूल देतो आणि डांबर तापतं. मग घाम, धूळ, टाचेच्या भेगा आणि बाभळीचे काटे. त्यामुळे "वारीला कुठला बूट चांगला?" या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर नाही. पहिल्या आठवड्याची पादत्राणं वेगळी, दुसऱ्या आठवड्याची वेगळी.

देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज असं जाणाऱ्यांना दिवे घाट लागत नाही, रोटी घाट लागतो. बाकी पायांचं गणित तेच.

आणखी एक. वारीत पाय चालण्याने जेवढे दुखत नाहीत तेवढे थांबण्याने दुखतात. दिंडी दहा पावलं जाते, थांबते, परत वीस पावलं. गर्दीत आपली टांग आपल्या मापाची पडत नाही. घरी एकट्याने झपाझप दहा किलोमीटर चालणारी माणसं इथे तीन तासांत पोटऱ्या धरून बसतात. यावर उपाय म्हणजे दिंडी थांबली की टाळ वाजवत का होईना, चवड्यावर-टाचेवर वजन आलटून-पालटून घ्यायचं. पावली खेळणाऱ्यांचे पाय कमी दुखतात असं मी बघितलंय, आणि त्याचं कारण हेच असावं.

पायात काय घालायचं

माझं ठाम मत: दोन जोड. एक हलका जाळीचा स्पोर्ट्स शूज आणि एक मागून पट्टा असलेला सँडल. एक पायात, एक सामानाच्या ट्रकमध्ये. दिंडीचा ट्रक आपल्या आधी मुक्कामाला पोचतो, म्हणजे संध्याकाळी कोरडा जोड मिळतो.

वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. पाणी आत येत नाही ही जाहिरात घोट्यापर्यंत खरी आहे. वारीतला पाऊस साडीच्या काठावरून, पँटच्या पायातून, मोज्यावरून खाली उतरतो आणि बुटात वरून शिरतो. एकदा शिरलं की वॉटरप्रूफ बूट ते पाणी बाहेरही जाऊ देत नाही. जाळीचा बूट भिजतो खरा, पण दोनशे पावलांत निम्मं पाणी फेकून देतो आणि रात्रीत बऱ्यापैकी वाळतो. मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवणारेही दरवर्षी दिसतात. त्यात पाय पावसाऐवजी घामाने भिजतो, एवढाच फरक.

कोल्हापुरी चप्पल माझी आवडती आहे, पण वारीत नको. हे कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेलं असतं. भिजलं की फुगतं, अंगठा सैल होतो, आणि वाळलं की करकरीत होऊन पावलाची कड कापतं. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं याचा आनंद आहेच. पंढरपूरहून परतल्यावर सणासुदीला घाला.

साधी हवाई चप्पल घालून अख्खी वारी करणाऱ्या शेकडो बायका मी बघितल्यात. त्यांना जमतं, कारण वर्षभर त्यांच्या पायात तीच असते. आपल्याला नाही जमत. मागे पट्टा नसला की चप्पल पडू नये म्हणून बोटं नकळत आखडत राहतात, आणि दिवसाअखेर तळवा आणि नडगी भरून येते. मुक्कामावर वावरायला, अंघोळीला मात्र हवाईसारखं दुसरं काही नाही.

अनवाणी चालणाऱ्यांचा नेम असतो, त्याबद्दल मी बोलणार नाही. एवढंच सांगते की तो नेम वारीच्या आदल्या दिवशी धरू नये.

खरेदी संध्याकाळी करा. दिवसभर वावरून पाय सुजतो, आणि वारीत तो त्याहून जास्त सुजणार आहे. वारीत घालायचे तेच मोजे घालून दोन्ही पायांत बूट चढवा, उभं राहा, आणि सगळ्यात लांब बोटापुढे हाताचा अंगठा आडवा मावेल एवढी जागा आहे का बघा. सगळ्यात लांब बोट अंगठ्याचंच असेल असं नाही. माझं शेजारचं आहे. टाचेला बूट घट्ट, बोटांना मोकळा. दुकानदार "वापरून सैल होईल" म्हणाला तर बूट परत ठेवा. चामडं सैल होतं, आजकालचे सिंथेटिक बूट फारसे होत नाहीत.

मागच्या वर्षीचाच बूट काढणार असाल तर तो माळ्यावरून दोन महिने आधी काढा. ज्यांचा तळ फोमसारख्या पॉलीयुरेथेनचा असतो ते बूट नुसते ठेवूनही खराब होतात. हवेतल्या दमटपणाने तो तळ आतून विरत जातो. दिसायला नवाकोरा आणि पाचव्या किलोमीटरला भुगा. तळ अंगठ्याने जोरात दाबा, बूट मधोमध वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा भुसा निघाला तर मोह सोडा. स्पोर्ट्स शूजच्या गादीचं आयुष्य सर्वसाधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटर. सरावाचे निदान तीनशे आणि वारीचे २५० धरले तर एका वारीला एक जोड हा हिशोब होतो. त्याच जोडीवर दोन वाऱ्या काढायच्या म्हटल्या तर गादी पार बसलेली असते.

दोन महिने आधी

रोज चार-पाच किलोमीटरपासून सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. शेवटच्या तीन आठवड्यांत शनिवार-रविवार लागोपाठ पंधरा-वीस किलोमीटर चाला. लागोपाठ, हे महत्त्वाचं. आदल्या दिवशी दुखलेल्या पायांवर दुसऱ्या दिवशी चालणं हीच वारी आहे. हे सगळं डांबरी रस्त्यावर, त्याच बुटांत, त्याच मोज्यांत. बागेतल्या मातीच्या ट्रॅकवर केलेला सराव पालखी मार्गावर कामी येत नाही.

एकदा मुद्दाम पावसात चाला. ओल्या बुटात आपला पाय कुठे घासतो ते घराजवळ कळलेलं बरं. जिथे लाल झालं ती जागा लक्षात ठेवा. वारीत फोडही तिथेच येणार.

नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी कापा. सरळ रेषेत, कोपरे न गोलवता. आदल्या रात्री खोलवर कापलेलं नख वारीत बोटात रुततं. वाढलेलं नख उतारावर बुटाच्या टोकाला आपटून काळं पडतं आणि महिन्याभराने गळून जातं. टाचेचं जाड कातडं घासून गुळगुळीत करायचा उत्साहही आवरा. घट्टे हे आपलं चिलखत आहे. फक्त भेगांच्या कडा हलक्या हाताने घासा आणि रोज रात्री खोबरेल किंवा भिरंडेल लावा. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. कोकणात आणि गोव्यात त्याचे गोळे मिळतात, किंचित गरम करून भेगेत भरायचं.

मोजे

सुती मोजा चांगला, अशी आपल्याकडे समजूत आहे. रोजच्या वापराला असेलही. पण सूत पाणी धरून ठेवतं, आणि ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासली जाते. खेळाचे सिंथेटिक मोजे घ्या, किंवा लोकर मिसळलेले पातळ. पाच बोटांचे मोजे सुरुवातीला हास्यास्पद वाटतात, पण ज्यांची बोटं एकमेकांना घासतात त्यांना ते वरदान आहे.

चार जोड पुरतात. एक पायात, एक खांद्याच्या पिशवीत पॉलिथिनमध्ये गुंडाळून, दोन वाळत. वाळत म्हणजे कुठे, तर पिशवीच्या पाठीवर, सेफ्टी पिन लावून. नीरेच्या पुढे ऊन लागलं की चालता चालता तासाभरात वाळतात.

दिवसाचा क्रम

पहाटे तीन-साडेतीनला टँकरच्या पाण्याने अंघोळ होते, अंधारात, घाईत. आणि बहुतेकांची पहिली चूक इथेच होते: ओल्या पायांवर मोजे. माझी पद्धत अशी. पथारीवर बसायचं, पंच्याने पाय पुसायचे, मग बोटांच्या बेचकीत पंच्याचं टोक घालून प्रत्येक बेचकी वेगळी पुसायची. पाच मिनिटं पाय तसेच उघडे ठेवून केस विंचरायचे, चहा घ्यायचा. मग घासणाऱ्या जागांवर चिकटपट्टी, बाकी टाच-बोटांवर व्हॅसलीनचा पातळ हात, मग मोजा. मोज्याला सुरकुती राहू द्यायची नाही. बूट चढवण्याआधी तो उलटा करून झटकायचा. राहुटीत रात्री खडे, मुंग्या आणि एकदा तर बेडकाचं पिल्लूही निघालंय.

चिकटपट्टीबद्दल थोडं सविस्तर, कारण ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. मेडिकलच्या दुकानात मायक्रोपोर म्हणून कागदी पट्टी मिळते. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी वाळवंटातल्या लांब शर्यतींत धावणाऱ्या १२८ जणांवर ती वापरून पाहिली. पायाच्या काही भागांना पट्टी, बाकी भाग तसाच. पट्टीखाली फोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी आले. शर्यतीचं अंतरही जवळपास २५० किलोमीटर, म्हणजे आपल्या वारीएवढंच. फक्त त्यांनी ते आठवड्याभरात कापलं. पट्टी कोरड्या, तेल नसलेल्या कातडीवर, एकाच थरात, सुरकुती न पाडता लावायची. टोकं कात्रीने गोल कापली की सुटत नाहीत. आधी व्हॅसलीन आणि मग पट्टी असं केलंत तर ती हडपसरच्या आधी मोज्यात गोळा होऊन बसेल.

नाड्यांकडेही बघा. चढावर घोट्याजवळ जरा सैल, उतारावर घट्ट. बुटाला सगळ्यात वर एक जादा भोक असतं, जे कोणीच वापरत नाही. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात आत घालून छोटा फासा करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फाशातून ओवायची, आणि दोन्ही टोकं खाली ओढून गाठ मारायची. टाच बुटात वर-खाली होत नाही. टाचेचे बरेच फोड एवढ्याने वाचतात.

विसाव्याला दिंडी बसली की बूट काढा. आळस करू नका. मोजे काढा, पाय वर करा, सामानाच्या गाठोड्यावर किंवा झाडाच्या बुंध्याला लावून. मोजे ओले असतील तर बदला. लाल झालेली जागा दिसली तर तिथेच पट्टी. चंपी-मालिशवाले, पाय चेपून देणारी मंडळी ठिकठिकाणी सेवा म्हणून बसलेली असतात, जरूर घ्या. पण फोड असलेल्या जागेवर तेल चोळू देऊ नका, नाहीतर उरलेला दिवस पट्टी टिकत नाही.

रस्त्याच्या कडेला उतार असतो, हेही ध्यानात ठेवा. तासन्‌तास एकाच कडेने चाललं की खालच्या बाजूचा घोटा आणि गुडघा भरून येतो. शक्य तेव्हा बाजू बदला. मार्ग रुंद झालाय, पण काँक्रीट डांबरापेक्षाही कठीण. कडेला मातीची पट्टी असेल आणि चोपदारांची हरकत नसेल तर तिच्यावरून चाला.

मुक्कामाला पोचल्यावर पाय साबणाने धुवा, पुसा आणि पंधरा मिनिटं भिंतीला किंवा ट्रकच्या चाकाला टेकवून वर ठेवा. मग बुटांकडे वळा. आतली गादी बाहेर काढा, नाड्या सैल करा, जीभ बाहेर ओढा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभराने ते ओलेचिंब निघतात, ते टाकून नवे घाला. झोपताना तिसऱ्यांदा. सकाळी बूट पूर्ण कोरडा नसेल, पण पिळल्यावर पाणी निघणार नाही इतपत होतो. चुलीपाशी किंवा गॅसच्या शेगडीशेजारी बूट ठेवू नका. चिकटवलेला तळ उष्णतेने सुटतो. आमच्या दिंडीत एकाने असे वाळवले आणि दुसऱ्या दिवशी जेजुरीच्या अलीकडे बूट तोंड वासून उभा राहिला.

फोड आलाच तर

छोटा, न दुखणारा फोड तसाच ठेवा. त्यावरची कातडी हे सगळ्यात चांगलं ड्रेसिंग आहे. त्याच्याभोवती मऊ कापडाची किंवा फोमची चुंबळ करा, जशी हंड्याखाली करतात तशी, म्हणजे दाब कडेवर येतो, फोडावर नाही. वरून पट्टी.

टरटरून फुगलेला, चालूच न देणारा फोड असेल तर पाणी काढावं लागतं. हात आणि पाय साबणाने धुवा. नवी इंजेक्शनची सुई घ्या, किंवा साधी सुई स्पिरिटने पुसून. टोचायचं कडेला, खालच्या बाजूला, दोन-तीन ठिकाणी. मधोमध नाही. स्वच्छ कापसाने हळू दाबून पाणी काढा, कातडी ओढू नका, मलम लावा, ड्रेसिंग करा. आतलं पाणी लाल असेल, म्हणजे रक्ताचा फोड असेल, तर हात लावू नका.

आजींनी माझ्या डाव्या पायाच्या न फुटलेल्या फोडातून सुई-दोरा ओवला होता आणि दोरा आतच ठेवला होता, पाणी झिरपत राहावं म्हणून. ही पद्धत गावोगाव चालते. पाणी निघतं खरं, पण तो दोरा बाहेरची घाण आत नेतो. आजींचं मी बाकी सगळं ऐकलं, एवढं पुढे केलं नाही.

भोवतीची कातडी लाल-गरम होऊन पसरायला लागली, पू दिसला, ताप आला किंवा जांघेत गाठ आली तर त्या दिवशी चालणं बंद. मार्गावर आरोग्य खात्याची पथकं असतात, नाहीतर १०८ आहेच. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी आणि पाणी न पिता खाऊ नका, आणि रोज तर नकोच.

चिखल्या, काटे

बोटांच्या बेचकीत कातडी पांढरी पडून फाटते, खाजते, वास येतो, त्या चिखल्या. पावसात शेतात राबणाऱ्यांना हे सांगायला नको. मुळात ही बुरशी, आणि तिला ओल हवी असते. क्लोट्रिमॅझोलची पावडर सकाळी बेचकीत टाका, आणि झाल्याच तर मलम रात्री. आमच्या घरी मेंदी थापायचे. त्याने जागा सुकते आणि बरंही वाटतं, पण वारीत मेंदी वाळवत बसायला वेळ कुणाला? रॉकेल लावायचा जुना उपाय मात्र विसरून जा, फाटलेल्या कातडीला ते भाजतं. पायाला चीर असताना साचलेल्या पाण्यातून जावं लागलं तर चीर झाकून जा आणि मुक्कामाला साबणाने धुवा. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू अशा चिरांतून शिरतात.

बाभळीचा काटा स्पंजाच्या सोलमधून आरपार येतो. रोज संध्याकाळी तळ उलटा करून बघा. अर्धा रुतलेला काटा आज नाही तर उद्या पायात येतो. पायात मोडला तर चिमट्याने सरळ ओढून काढा. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घेऊन ठेवलेलं बरं.

चप्पल तुटली तर

हवाईचा अंगठा खालून निसटला तर तो परत भोकात दाबा आणि खालच्या बाजूने त्याच्या मानेतून सेफ्टी पिन आडवी घाला. बायकांच्या बांगडीला पिन असतेच. एवढ्यावर दोन दिवस निघतात. बुटाचा तळ सुटला तर जादा नाडीने किंवा सुतळीने चवड्यावरून बांधून घ्या आणि पुढच्या गावापर्यंत चला.

वाटेत गटई काम करणारे बरेच जण वारकऱ्यांच्या चपला सेवा म्हणून फुकट शिवून देतात. पुण्यात तर त्यांच्याभोवती गर्दी असते. त्यांना सांगा, "दादा, नुसतं चिकटवू नका, कडेने टाके मारा." नुसतं सोल्युशन पावसात टिकत नाही. स्वतः चिकटवायची वेळ आलीच तर दोन्ही बाजू कोरड्या करून पॉलिश पेपरने घासा, दोन्हीला सोल्युशन लावा, दहा मिनिटं थांबा, मग दाबा. ओलं असतानाच दाबलं तर चिकटत नाही, आणि घाईत सगळे नेमकं तेच करतात.

मधुमेह असेल तर

वारीत साठीपुढची माणसं खूप, आणि साखर असलेलीही खूप. ज्यांच्या तळव्यांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे त्यांना फोड आलेला कळतच नाही. त्यांचं चुरचुरणं बंद पडलेलं असतं, म्हणून त्यांनी डोळ्यांनी बघायला हवं. प्रत्येक विसाव्याला आणि रात्री, छोटा आरसा तळव्याखाली धरून, किंवा शेजारच्या माउलीला दाखवून. अनवाणी एक पाऊलही नको, राहुटीतसुद्धा. गरम पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. भाजलेलंही कळत नाही. फोड, काटा, कुरूप काहीही असो, स्वतः सुई लावायची नाही, थेट डॉक्टरकडे. निघण्याआधी पाय तपासून घ्या आणि रोजच्या चालण्यामुळे औषधाच्या डोसात बदल लागेल का, हेही विचारा.

चपला हरवू नयेत म्हणून

कीर्तनाला, दर्शनाला, जेवायला बसताना चपला काढायच्या आणि परत येऊन बघावं तर तिथे शंभर काळे सँडल, सगळे आठ नंबरचे. चोरी क्वचितच होते, अदलाबदल रोज. माझ्या दोन्ही सँडलच्या पट्ट्याला लाल लोकरीचा दोरा गुंडाळलेला असतो, आणि डावा-उजवा मी दोन ठिकाणी ठेवते. एकटा सँडल कुणी नेत नाही. रिंगणाला मात्र बूट काढून पिशवीत घाला. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी अश्व गेल्यावर त्याच्या टापांखालची माती घ्यायला सगळे धावतात, त्यात बाजूला ठेवलेलं पादत्राण परत सापडत नाही.

पंढरपूरच्या आधीचा मुक्काम वाखरीचा, त्याच्या पुढे चांगले बूट ट्रकमध्ये टाका. पंढरपुरात एकादशीला दर्शनाच्या रांगेत किती तास जातील याचा भरवसा नाही, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात ओली वाळू बुटात गेली की मोज्याच्या विणीतून निघत नाही. तिथे जुनी हवाई चप्पल, हरवली तरी चालेल अशी.

घरी आल्यावर

एसटीत सहा-सात तास पाय खाली सोडून बसलं की घोटे सुजतात; खिडकीपेक्षा मधल्या वाटेकडची सीट घ्या आणि थांब्याला उतरून चार पावलं चाला. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर मात्र वाट न बघता दाखवा.

बुटांची गादी आणि नाड्या वेगळ्या धुवा. बूट बादलीत बुडवू नका, वॉशिंग मशीनमध्ये तर नाहीच. ओल्या ब्रशने आणि थोड्या साबणाने घासा, सावलीत दोन दिवस वाळवा. पॉलिथिनमध्ये बांधून ठेवू नका, कागद कोंबून उघड्या खोक्यात ठेवा. तळाकडे एकदा नीट बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं सगळ्यांचंच होतं. एकाच बुटाची किंवा आतली कड जास्त झिजली असेल तर चाल कुठेतरी तिरकी पडतेय, ते हाडांच्या डॉक्टरांना बूट घेऊन जाऊन दाखवा. माझ्या डाव्या बुटाची आतली कड दर वर्षी आधी जाते. टाळ उजव्या हातात आणि पिशवी डाव्या खांद्यावर, बहुधा त्याने. यंदा पिशवी बदलून बघणार आहे.